अठरा वर्षांची स्कॉच लिव्हरला चालते का?

गेल्या महिन्यात निघोजे गावातले एक काका सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आले. कंपनीत सुपरवायझर, वय पन्नाशीचं. रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. दारूचं विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, देशी-बिशी नाही हो! मुलगा परदेशातून येतो तेव्हा अठरा वर्षं जुनी सिंगल माल्ट आणतो. रोज दोनच पेग. ती तर चालते ना?"

खरं सांगतो, मला लगेच उत्तर देता आलं नाही. तशीच एक बाटली माझ्याही कपाटात आहे, आणि मला ती आवडते.

जुनी म्हणजे नक्की काय?

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या सातूपासून बनवलेली व्हिस्की. स्कॉच म्हणवून घ्यायला ती ओकच्या पिंपात निदान 3 वर्षं मुरावी लागते. लेबलवरचा 18 हा आकडा त्यातल्या सगळ्यात कमी मुरलेल्या व्हिस्कीचं वय सांगतो. बाटलीत भरली की मुरणं थांबतं. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली साधारण 2 टक्के व्हिस्की दरवर्षी उडून जाते. आपल्या गोव्यात पॉल जॉन सिंगल माल्ट बनते, तिथल्या उकाड्यात ती कितीतरी जास्त उडते आणि लवकर मुरते.

चव नाकात असते

सर्दी झाली की जेवण बेचव लागतं ना? तसंच इथेही. व्हॅनिलासारखा वास ओकच्या लाकडातून येतो, सुक्या मेव्याचा बहुधा शेरीच्या पिंपातून. पीटच्या धुरावर सुकवलेल्या माल्टची व्हिस्की पहिल्यांदा हुंगली तेव्हा मला चक्क दवाखान्याची आठवण झाली! त्या धुरात फिनॉल गटातली रसायनं असतात. थोडं पाणी घातलं की वास खुलतो, बर्फाने दबतो. आणि घशात जळजळ होते ती मिरचीमुळे जागं होणाऱ्या रिसेप्टरमुळेच. म्हणून घोट लहान आणि सावकाश.

इथवर मी शौकीन म्हणून बोललो. आता डॉक्टर म्हणून.

लिव्हर लेबल वाचत नाही

43 टक्क्यांच्या 60 मिली पेगमध्ये साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल आणि 140 कॅलरी असतात. बाटली दोनशेची असो की वीस हजारांची, आत इथेनॉल तेच. लिव्हर त्याचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, आणि ते पेशींना घातक असतं. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. कॅन्सरचा धोका पहिल्या थेंबापासून सुरू होतो.

यांनी तर अजिबात घेऊ नये:

- फॅटी लिव्हर, कावीळ किंवा लिव्हरचा कुठलाही आजार असणारे
- डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे (साखर अचानक उतरू शकते)
- झोपेच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू असणारे
- गरोदर स्त्रिया
- गाडी चालवणारे आणि मशीनवर ड्युटी असणारे

काकांना म्हटलं, "पूर्ण बंद. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू." त्यांचा चेहरा पडला. थोड्या वेळाने म्हणाले, "पोरगा वर्षातून एकदा येतो. तेवढ्यासाठीच आम्ही शेजारी बसतो हो." यावर माझ्याकडे औषध नव्हतं. एवढंच म्हणालो, "बसा की! ग्लासाशिवाय बसा. रिपोर्टही त्याला दाखवा." रिपोर्ट घरी अजून कोणालाच दाखवला नव्हता.

ते गेल्यावर मी माझीही लिव्हरची तपासणी करून घेतली. एसजीपीटी नॉर्मलच्या थोडं वर निघालं. आता माझी बाटलीही कपाटातच आहे.

तुम्ही पीत नसाल तर कौतुक म्हणून सुरू करू नका. पीत असाल तर डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा. रोज घेत असाल तर एकदम बंद करण्याआधी भेटा. हात थरथरणे, फिट येणे असे त्रास होऊ शकतात. लपवू नका. आम्हीही माणसंच आहोत.