गर राखणारी चटई

पाणकणसाचं पान आडवं कापून उजेडात धरलं की आत कप्पेच कप्पे दिसतात, हवेने भरलेले; हाच त्याचा गर. तळ्याच्या चिखलात प्राणवायू नसल्यातच जमा; तिथल्या गड्ड्याला तो पानांतून खाली पोचवावा लागतो, त्यासाठी ही सोय. या पानांच्या चटईला मऊपणा येतो, ऊब येते, ती या कप्प्यांमुळे. काश्मिरात दल सरोवराच्या आसपास याच पानांचा ‘वगू’ विणतात आणि गालिच्याखाली अंथरतात, ते उगाच नाही.

गड्ड्याची हवा पानांतून येते, म्हणून कापायचं ते पाण्याच्या वर चार बोटं राखून. पान लांब मिळावं या लोभाने विळा पाण्याखाली घातला, तर गड्ड्याची हवा तुटते आणि तो गुदमरतो. तळं मोकळं करायला हाच उपाय करतात! कणीस धरलेला फुटवाही मी सोडून देते. त्याच्या पोटात ताठ दांडा असतो. बिनकणसाचा सोलताना बुंध्याशी बोटांना बुळबुळीत चीक लागतो, तो पुसून टाकावा लागतो. सांडपाण्यात पाणकणीस भलतंच माजतं, पाणी शुद्ध करायलाही ते लावतात. पण तिथलं पान मी घरात अंथरायला घेत नाही.

हिरवं पान विणायला सोपं, आणि तिथेच फसगत. वाळताना ते इतकं आकसतं की घट्ट विणीतून बोट जाईल एवढ्या फटी पडतात. तेव्हा आधी सावलीत पुरतं वाळवायचं, मग भिजवून ओल्या गोणपाटात रात्रभर गुंडाळून ठेवायचं. सकाळी एक पान बोटाला वेढून बघायचं. कडकन मोडलं तर ओल कमी. दाबल्यावर पाणी सुटलं तर जास्त, थोडा वेळ वाऱ्यावर टाकायचं.

तमिळनाडूत पत्तमडैला लव्हाळ्याच्या कुळातल्या कोरैची चटई होते. कांड्या चिरून, गर खरवडून, उरलेले बारीक धागे सुती ताण्यावर मागात विणतात. कापडासारखी घडी पडते तिची. कारागिरी म्हणाल तर आमची चटई तिच्यापुढे गावंढळच. पण जो गर ते टाकून देतात, त्याच्यावर तर आमचं सगळं चालतं.

गिऱ्हाईक हमखास विचारतं, “ताई, धुता येते का हो?” नाही येत. ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, मगच गुंडाळा; दमट राहिली तर पावसाळ्यात बुरशी धरलीच समजा. प्लास्टिकची चटई नळाखाली धरता येते, स्वस्तही पडते. मी वाद घालत नाही. दोन्ही शेजारी अंथरते आणि म्हणते, जरा बसून तर बघा.