नऊ दिवस

वकिलीची बरीच वर्षं मी मुदतीच्या कायद्याकडे अडथळा म्हणूनच पाहिलं. अशील दोन दिवस उशिरा आला म्हणून त्याचा हक्क बुडावा, हा मला अन्याय वाटे. कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज द्यावा, सर्वोच्च न्यायालयाच्या 1987 च्या कातिजी निकालाचा दाखला जोडावा, असं मी ज्युनिअर मुलांनाही शिकवत होतो. तारखा मोजणं माझ्या लेखी कारकुनी काम होतं. हे मत आता माझं राहिलेलं नाही.

वाटपाच्या एका दाव्यात माझे अशील, तिघे भाऊ, तालुक्याच्या कोर्टात हरले. बहिणीला हिस्सा मिळाला. निकाल 13 जूनचा. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस. निकालाचा दिवस धरायचा नाही, म्हणजे 13 जुलैपर्यंत. त्यात कलम 12 प्रमाणे नकलेला लागलेले दिवस वाढवून मिळतात. नकलेचा अर्ज आम्ही 20 जूनला दिला, नक्कल 4 जुलैला तयार झाली आणि मी ती 13 जुलैला घेतली. मी घेतल्या दिवसापर्यंतचे 24 दिवस धरले आणि 6 ऑगस्टला अपील दाखल केलं. कायदा मात्र नक्कल तयार होईपर्यंतचेच दिवस देतो. ते 15 होते. मुदत 28 जुलैलाच संपली होती. नकलेवर तिन्ही तारखा लिहिलेल्या होत्या. मी त्या नीट वाचल्या नव्हत्या.

फायलिंगला हरकत निघाली, तरी मला फारशी काळजी वाटली नाही. माफीचा अर्ज दिला. त्यावर नोटीस, म्हणणं, युक्तिवाद यांत चौदा महिने गेले. विलंब माफ झाला.

त्या दिवशी ती बहीण व्हरांड्यात भेटली. साठी उलटलेली, प्रत्येक तारखेला एसटीने दोन तासांचा प्रवास करून यायची. तिने विचारलं, "वकीलसाहेब, माझा निकाल झाला होता ना? मग एवढ्या तारखा कशाच्या?" स्वरात राग नव्हता. मला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर होतं, माझ्या नऊ दिवसांच्या.

जिंकलेल्या माणसाने कधीतरी निश्चिंत होऊन आपली जमीन पेरावी, यासाठीही मुदत असते, हे मला तेव्हा कळलं. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य अपील न्यायालयाने फेटाळायचं असतं, हे कलम 3 मला पाठ होतं. ते कोणासाठी लिहिलंय, हा विचार मी केला नव्हता.

माफी नसावी, असं मी म्हणत नाही. करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला, ते योग्यच होतं. पण ती सवलत अडलेल्या माणसासाठी आहे, वकिलाच्या निष्काळजीपणासाठी नाही.

आता निकालाच्याच दिवशी नकलेचा अर्ज जातो. दिवस मी मोजतो, ज्युनिअर पुन्हा मोजतो, आणि डायरीत शेवटच्या दिवसाच्या दहा दिवस आधीची तारीख लिहिली जाते. ते अपील अजून चालू आहे. ती बहीण मागच्या बाकावर बसलेली असते. मी तिच्याविरुद्धच उभा राहतो. पण पुढची तारीख मागत नाही.