पापण्यांनी सांगितलेले निदान

बाहेरगावचे लोक पुणतांबा ओळखतात ते गोदाकाठच्या चांगदेवांच्या समाधीमुळे, रेल्वेच्या जंक्शनमुळे किंवा २०१७ च्या शेतकरी संपामुळे. मी मात्र हे गाव त्याच्या रात्रींवरून ओळखते. पावसाळा सुरू झाला, ऊस कमरेएवढा झाला आणि वस्त्यांवरची माणसे उकाड्याने जमिनीवर अंथरूण टाकू लागली, की दवाखान्याच्या दारावरची थाप कोणत्याही प्रहरी ऐकू येते. त्यांपैकी एका थापेची ही हकिकत. तीत माझी चूक आहे, म्हणूनच ती सांगायची.

पहाटेचे पाच वाजले असतील. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला त्याच्या चुलत्याने मोटारसायकलवर मध्ये बसवून आणले होते, मागे आई. पोटात कळा येत होत्या, दोनदा उलटी झाली होती. "डॉक्टरताई, रात्री लग्नाचं जेवण झालं, तेच बाधलं असंल," आई म्हणाली. मलाही ते पटले. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, पोट मऊ. मी पित्ताचे इंजेक्शन दिले आणि त्याला बाकावर निजवले. थोड्या वेळाने आई म्हणाली, "आता डोळा लागतोय त्याचा." मी म्हणाले, "झोपू द्या, रात्रभर जागला आहे."

पाऊण तासाने मी त्याला हाक मारली. त्याने 'ओ' दिली. परंतु आवाज नाकातून आल्यासारखा होता आणि डोळे उघडेनात. मी म्हणाले, "वर बघ." बुबुळे किंचित हलली, पापण्या मात्र अर्ध्यावरच राहिल्या. तो झोपलेला नव्हता. त्याला डोळे उघडता येत नव्हते. तेव्हा कुठे मी पहिल्या मिनिटाला विचारायचा प्रश्न विचारला: "रात्री कुठे झोपला होता?" चुलते म्हणाले, "खालीच, सतरंजीवर."

मण्यार! तिचे दात बारीक, दंश जवळजवळ न दुखणारा. सूज नाही, रक्त नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही. ती रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेतच चावते. पहाटे पोटात कळ, उलटी, घसा आवळल्यासारखे वाटणे. मग जड पापण्या, अडखळते बोलणे, मान न सावरणे आणि शेवटी थकत जाणारा श्वास. हा क्रम मी पुस्तकात वाचलेला होता. समोर घडत असताना मात्र मी त्याला झोप म्हटले.

त्या दिवसापासून मी काही नियम पाळत आले आहे. तातडीच्या सेवेत नव्याने येणाऱ्या डॉक्टरांना ते सांगते. आज तुम्हालाही सांगते, कारण यांतील निम्मे नियम नातेवाइकांच्या मदतीवाचून पाळता येत नाहीत.

पहिला नियम : पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेला, जमिनीवर झोपलेला माणूस हा मण्यारदंशाचा संशयित समजावा. खूण सापडत नाही म्हणून संशय सोडू नये. त्याला दर दहा-पंधरा मिनिटांनी वर पाहायला, जीभ बाहेर काढायला आणि मान उचलायला सांगावे. एका श्वासात तो किती अंक मोजू शकतो तेही पाहावे. मघाशी वीसपर्यंत मोजणारा आता बारावर थांबला, तर यंत्राची वाट न पाहता हालचाल करावी.

दुसरा नियम : आधी श्वास, मग विष. प्रतिसर्पविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधते. परंतु मण्यारीच्या विषाने नसांच्या टोकांना एकदा केलेली इजा ते भरून काढत नाही. ती भरायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस कोणीतरी त्या माणसाचा श्वास चालवावा लागतो. व्हेंटिलेटर दूर असेल तर अंबू बॅगने, हाताने.

तिसरा नियम घोणशीचा. आमच्या उसात तीच अधिक. तिचा दंश आग करतो, सुजतो आणि रक्ताची गोठण्याची शक्ती घालवतो. ती गेली की नाही हे पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्यावे, वीस मिनिटे न हलवता ठेवावे आणि मग एकदाच तिरपे करावे. रक्त वाहिले तर विष कामाला लागले आहे. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही नीट गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो.

चौथा नियम : प्रतिसर्पविषाची पहिली बाटली लावण्यापूर्वी अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवावे. हे औषध घोड्याच्या रक्तापासून होते, त्यामुळे अंगावर गांधी, थंडी किंवा धाप येऊ शकते. त्वचेवर आधी चाचणी घेण्याने ते कळत नाही. तयारी हीच चाचणी. लहान मुलालाही मात्रा मोठ्या माणसाएवढीच द्यायची, कारण साप मूल लहान आहे म्हणून विष कमी सोडत नाही.

पाचवा नियम : पुढे पाठवताना चिठ्ठी लिहावी. दंशाची वेळ, पहिले लक्षण किती वाजता, कोणते औषध किती वाजता. चिठ्ठीवाचून गेलेला रुग्ण पुढच्या डॉक्टरांसाठी पुन्हा पहिल्या मिनिटावर येतो.

लहान गावात अशी निरीक्षणे करून काय साधते, असे कोणी म्हणेल. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात, महाड परिसरात, लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण रात्र-रात्र बसून न्याहाळले. घाम, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि मग फुप्फुसात पाणी, हा क्रम त्यांनी टिपला आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या साध्या गोळीने तो अडवला. शंभरातील तीसच्या आसपास असलेले मृत्यू त्यामुळे अगदी थोड्यांवर आले. 'लॅन्सेट'ने त्यांचे लेखन छापले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या यंत्रांच्या आधी, रुग्णाच्या खाटेशी बसलेली नजर तिथे होती.

आता तुमचा वाटा. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील. दंश झाला तर दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका. आधीच दोरी बांधलेली असेल तर ती वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडू द्या. अंगठी, कडे काढा. तो हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. उलटी होत असेल तर कुशीवर निजवा. साप मारण्यात वेळ घालवू नका. लक्षणे पाहून उपचार करता येतात. मांत्रिकाकडे गेलेली घटका परत मिळत नाही. आणि पावसाळाभर खाट व गादीखाली खोचलेली मच्छरदाणी वापरा. यापेक्षा स्वस्त लस मला ठाऊक नाही.

त्या मुलाचे काय झाले? रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचा श्वास उथळ झाला होता. मी सोबत गेले. वाटभर तिथले डॉक्टर आणि मी आळीपाळीने अंबू बॅग दाबत होतो. एक ते पाच मोठ्याने मोजायचे आणि दाबायची. तो निपचित होता, बाहुल्या विस्फारलेल्या, उजेडाला न हलणाऱ्या. चुलते म्हणाले, "ताई, गेला का?" पुष्कळ नवे डॉक्टर इथेच फसतात. मण्यारीच्या विषाने बाहुल्याही लुळ्या पडतात. केवळ त्या पाहून कोणाला मृत म्हणू नये. मी म्हणाले, "नाही. नाडी आहे."

तो सहा दिवस व्हेंटिलेटरवर राहिला. महिन्याने आईबरोबर पेढे घेऊन आला. म्हणाला, "ताई, गाडीत तुम्ही मोजत होता, ते मला ऐकू येत होतं. काका काय म्हणाले तेही."

मी खाली पाहिले. बाकावर असताना मी काय म्हणाले होते, तेही त्याने ऐकले असणार: झोपू द्या.

तेव्हापासून सहावा नियम आहे. हलू न शकणारा रुग्ण ऐकत असतो असे समजून त्याच्याशी बोलावे. काय करतो आहोत ते त्याला सांगावे. आणि डोळे मिटलेल्या कोणालाही, झोपला आहे असे म्हणण्यापूर्वी, एकदा वर पाहायला सांगावे.