दोन रिळे

मराठीचा प्राध्यापक गळ टाकून मासे पकडतो हे ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, त्याची मला आता सवय झाली आहे. प्राध्यापकाने फार तर जुनी पुस्तके जमवावीत, गॅलरीत चार कुंड्या लावाव्यात आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर सकाळी फिरायला जावे. रविवारी पहाटे भरतीची वेळ पाहून, खांद्यावर काठी टाकून नेरुळच्या सारसोळे जेट्टीकडे जाणे त्याच्या पदाला शोभत नाही. आमच्या सौभाग्यवतींचे मतही याहून वेगळे नाही. मात्र त्यांचा आक्षेप नैतिक नसून आर्थिक आहे.

"अहो, दिवाळ्याच्या बाजारात ताजे फडफडीत मासे मिळतात. तुमचा एक बोईट घरात येईपर्यंत काय भावाने पडतो, याचा हिशेब केलाय कधी?"

हिशेब मी केला आहे. म्हणूनच तो तिला सांगत नाही.

या छंदातली सर्वांत खर्चाची वस्तू म्हणजे रीळ. ज्यांनी गळकाठी कधी हातात धरली नसेल, त्यांनी पतंगाची फिरकी डोळ्यांसमोर आणावी. तिला एक मूठ, दात्यांची दोन चाके आणि एक ब्रेक लावला की झाले रीळ. फरक इतकाच, की आपली फिरकी गरगर फिरते. काठीवरच्या या रिळातली फिरकी दोरी फेकताना जागची हलत नाही, तिच्या टोकावरून तंगूस नुसता सुटत जातो. ही युक्ती 1905 साली इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थने पेटंट केली. गृहस्थ कापडधंद्यातला, गिरणीतल्या बॉबिनवरून सुटणारे सूत पाहून त्याला ती सुचली म्हणतात. हे वाचले तेव्हा मला माझे वडील आठवले. परळच्या गिरणीत त्यांनी उभी हयात सुटणाऱ्या सुतापुढे काढली, 1982 च्या संपात ती नोकरी गेली, आणि 'स्वस्तात मिळेल ते घ्यावे, पण जपून वापरावे' हा उपदेश तेवढा वारसा म्हणून माझ्याकडे आला.

त्या उपदेशाला जागून मी पहिले रीळ साडेआठशे रुपयांना घेतले. रंग सोनेरी. डब्यावर ठळक अक्षरांत 'बारा बेअरिंगे' आणि 'ब्रेकची ताकद दहा किलो'. दुकानदाराने मूठ फिरवून दाखवली तेव्हा लोण्यातून सुरी फिरावी तशी ती फिरली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. पण शिकवणे वेगळे आणि शिकणे वेगळे.

सहा महिने त्या रिळाने माझी काही तक्रार होऊ दिली नाही. बोईट आला, शिंगाळे आले. मग भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला जिताडा लागला. जिताडा म्हणजे खाडीचा राजा. रायगडातल्या गावांत लोक तो तळ्यात कौतुकाने वाढवतात. ऑस्ट्रेलियात त्यालाच बारामंडी म्हणतात आणि त्याच्यासाठी गळवाले दूरदूरचा प्रवास करतात. असा मासा माझ्यासारख्याच्या गळाला लागला आणि काठी कमानीसारखी वाकली. आता ब्रेकने आपले काम करायचे होते. मासा ठरावीक जोराच्या वर ओढू लागला की फिरकीने घसरावे, दोरी सोडावी, त्याला दमू द्यावे, एवढेच ते काम. फिरकी जागची हलली नाही. मग एकदम झटका देऊन सुटली, पुन्हा अडली, आणि तंगूस काडीसारखा तुटला.

शेजारी होडीचा दोर आवळीत असलेला म्हातारा तांडेल म्हणाला, "मास्तर, सोरला नाय तुमी त्याला."

"ब्रेक अडकला हो," मी म्हणालो.

त्याने उजव्या हाताची तर्जनी वर केली. साठ वर्षे दोरी ओढून तिच्यावर खोल खाच पडली होती. "माझा ब्रेक यो," तो म्हणाला आणि हसला.

तशी तर्जनी या जन्मी मला मिळणार नव्हती. म्हणून दोन वर्षांचे पेपर तपासण्याचे साठलेले मानधन काढून मी सोळा हजारांचे रीळ आणले. घरात किंमत सांगितली अडीच हजार.

आमच्या कन्येचा यावर विश्वास बसला नाही. तिने मेकॅनिकलची पदवी घेतली आहे, आणि लहानपणापासून माझ्याबरोबर जेट्टीवर येणारी घरातली ती एकटीच. तिने हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून दोन्ही रिळे खोलली. मी शब्दांचा माणूस. त्या दिवशी मला प्रथमच कळले की एखादी वस्तू खोटे कसे बोलते ते उघडल्याशिवाय दिसत नाही. सोनेरी रिळात बेअरिंगे खरोखरच बारा होती. त्यांतली पाच गंजली होती. अंग प्लॅस्टिकचे. जोर पडला की ते किंचित पिळते आणि आतल्या चाकांचे दाते एकमेकांत नीट बसत नाहीत. मोठे चाक ओतीव जस्ताचे, त्याचे दाते आताच बोथट झालेले. ब्रेकच्या जागी नमद्याच्या दोन चकत्या. खारे पाणी पिऊन त्या चिकटल्या होत्या. महाग रिळात बेअरिंगे सातच, पण झाकलेली. अंग अ‍ॅल्युमिनियमचे, चाक कठीण धातूचे, आणि ब्रेकमध्ये कार्बनच्या चकत्या व पोलादी वायसर एकाआड एक रचलेले, भोवती पाणी अडवणारे रबरी कडे.

मग तिने रद्दीवाल्याकडून हुकाचा काटा मागून आणला आणि दोन्ही ब्रेक दोन किलोंवर लावून दोरी ओढून पाहिली. सोनेरी रिळाचा काटा साडेचारपर्यंत चढला तरी फिरकी ढिम्म. मग धाडकन सुटली आणि काटा दीडवर आला. महाग रीळ दोनच्या जरासे वर सुटू लागले आणि दोनवरच राहिले.

"बाबा, ब्रेक किती घट्ट धरतो याला महत्त्व नाही," ती म्हणाली. "किती सहज सोडायला लागतो, ते बघायचं. तुमचा तंगूस सहा किलोंचा. त्याच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शावर ब्रेक लावायचा. डब्यावरचे दहा किलो काय करायचेत?"

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती मला फार उलटी वाटली. मासा दोरी घेऊन लांब गेला की फिरकीवरचे वेढे कमी होतात आणि ब्रेकला हात न लावताही ओढ वाढत जाते. वेढ्यांचा घेर निम्मा झाला की ओढ दुप्पट. म्हणून मासा लांब गेला की ब्रेक आवळायचा नाही, उलट थोडा सैल करायचा.

"आणि लांब गेलेला सुटून गेला तर?"

"आवळला तर नक्की जाईल," ती म्हणाली.

वाचकांपैकी कोणाला हा छंद लागलाच, तर आमच्या घरातला निकाल सांगून ठेवतो. बोईट आणि शिंगाळे यांच्यासाठी सोळा हजार घालवणे हा शुद्ध गाढवपणा आहे. तीन-चार हजारांत बऱ्यापैकी ब्रेकचे रीळ मिळते, आणि शहाणा माणूस तिथेच थांबतो. रीळ स्वस्त असो की महाग, खाडीवरून आल्यावर ब्रेक आवळून त्यावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी, पुसावे, वाळवावे आणि मग ब्रेक पूर्ण सैल करून ठेवावे; आवळून ठेवले तर चकत्या दबून जातात. माझे सोनेरी रीळ मी असे एकदाही धुतले नव्हते. वडिलांच्या उपदेशाचा पूर्वार्ध मी पाळला, उत्तरार्ध विसरलो.

त्या आश्विनात पुन्हा जिताडा लागला. या वेळी रीळ रेशमासारखे सुटू लागले. मासा थेट खारफुटीच्या दिशेने निघाला. फिरकीवरचे वेढे भराभरा कमी होऊ लागले आणि माझा हात आपोआप ब्रेकवर गेला, आवळायला.

"बाबा, सैल करा! लांब गेलाय तो!"

मी सैल केला. तसे करताना पोटात जे झाले, ते मी लिहू शकत नाही. पण मासा थांबला, वळला, आणि वीस मिनिटांनी तीन किलोंचा जिताडा जेट्टीच्या दगडावर पडला.

एक गोष्ट मी आतापर्यंत सांगितली नाही. चाकणच्या एका कारखान्याचे नेमणूकपत्र त्या वेळी आठवडाभर आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने काय कमी आहेत, मुलीने एकटीने खोली घेऊन का राहायचे, असे आठ दिवस मी बोलत होतो आणि ती आठ दिवस गप्प होती. त्या दुपारी जिताड्याचे कालवण वाढले गेले, तिने डोक्याचा तुकडा माझ्या ताटात घातला, आणि मी खाली मान घालून विचारले, "रुजू कधी व्हायचंय?"

ती गेली त्याला आता वर्ष होईल. पहिल्या महिन्यात मी रोज रात्री नऊच्या ठोक्याला फोन करीत असे आणि तिने उचलला नाही तर पुन्हा करीत असे. एका रात्री तिसऱ्यांदा नंबर लावताना सौभाग्यवतींनी वाचत असलेले मासिक खाली ठेवले.

"वेढे कमी झाले की ब्रेक सैल करायचा म्हणे," ती म्हणाली. "सोळा हजार मोजून शिकलात ना?"

"सोळा हजार?"

"पावती पँटच्या खिशात होती. धुतली मी."

मी फोन ठेवून दिला. दहा मिनिटांनी तो आपणहून वाजला. दिवाळीला येते आहे म्हणाली. आणि भरती किती वाजता आहे, असे विचारीत होती.