हंगाम

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी फुटबॉल संघाचा अहवाल लिहिण्याचे काम २०२४ साली माझ्याकडे आले. क्रीडा समितीवर कुणीतरी हवे म्हणून माझे नाव घातले गेले होते, एवढाच माझा या खेळाशी संबंध. मी मराठी शिकवते आणि मनोरीत राहते. रोज सकाळी फेरीबोटीने खाडी ओलांडून मार्वेच्या धक्क्यावर उतरायचे आणि संध्याकाळी त्याच बोटीने परतायचे, असा माझा दिनक्रम. त्या वर्षी आमच्या संघाचा डावा बचावपटूही याच बोटीने येत असे. तो मनोरीच्या कोळी घरातला, माझ्याच तृतीय वर्षाच्या वर्गातला.

जून-जुलैत तो एकही सराव चुकवत नसे. त्या दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, हे मनोरीत राहूनही त्याच्या हजेरीशी जोडून पाहावे असे मला सुचले नव्हते. स्पर्धा बाद पद्धतीची होती. पहिला सामना आम्ही २-१ असा जिंकला, दुसरा पेनल्टींवर. मैदानात घोटाभर चिखल आणि कडेला छत्र्या धरून उभे असलेले आम्ही आठ-दहा प्रेक्षक. १९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा झाली. तिसऱ्या सामन्याच्या दिवशी वडिलांच्या बोटीवर खलाशी कमी पडला आणि तो समुद्रावर गेला. आम्ही १-० असे हरलो. हंगाम संपला.

दोन दिवसांनी बोटीत तो माझ्यासमोर उभा राहिला. खाली पाहत म्हणाला, "मॅडम, तुमचा हंगाम पौर्णिमेच्या आधी संपला असता, तर बरं झालं असतं."

'तुमचा' हा शब्द मला लागला. 'हंगाम' फारसीतून मराठीत आला, 'हंगामा' त्याचाच भाऊबंद, हे मी वर्गात हौसेने सांगत असते. पण आपण एकच शब्द उच्चारत असताना दोन निरनिराळी पंचांगे वाचत आहोत, हे मला या मुलाने दाखवले. खरे तर मला ते आधीच कळायला हवे होते. तासिका तत्त्वावर काम केलेल्या वर्षांत मीही 'हंगामी'च होते. सत्र संपले की पगार संपे, आणि सुट्टीत शिकवण्या घेतल्या म्हणून मला कुणी कामचुकार म्हटले नव्हते.

त्या दिवसांत कुतूहलापोटी मी अमेरिकी महाविद्यालयांच्या फुटबॉलविषयी वाचत होते. त्यांचा चेंडू लांबट, खेळ बराचसा हातांनी चालणारा. हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, साधारण बारा सामन्यांचा. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडागारात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. तरीही खेळणारा मुलगा विद्यार्थीच, त्याला मोबदला कसला, अशी भूमिका तिथे दीर्घकाळ होती. २०२१ मध्ये खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर कमाई करण्याची मुभा मिळाली आणि २०२५ पासून महाविद्यालये त्यांना थेट पैसेही देऊ शकतात. म्हणजे खेळ कुठे संपतो आणि श्रम कुठे सुरू होतात, हा प्रश्न तिथेही होताच. आमच्याकडे तो प्रश्न पैशांचे रूप घेऊन येत नाही. तो हजेरीपटावर येतो. पंचाहत्तर टक्के उपस्थितीच्या रकान्यात समुद्रावर घालवलेली सकाळ मांडायची कुठे?

अहवालाचा मसुदा मी सहकाऱ्यांना दाखवला. एकाने सद्भावनेनेच एक वाक्य सुचवले : 'महत्त्वाच्या खेळाडूच्या अनुपस्थितीमुळे संघाला पराभव पत्करावा लागला.' वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, वस्तुस्थितीला धरूनही होते. मी ते लिहिलेही. मग संध्याकाळी बोटीत कागद पुन्हा काढला. खाडीच्या मुखाशी परतणाऱ्या होड्यांचे दिवे दिसत होते. त्यांतली त्याची कोणती, हे मला ओळखता येत नव्हते.

ते वाक्य मी खोडले. छापील अहवालात आता तीन सामन्यांचे गोल आहेत आणि अकरा जणांची नावे आहेत. त्यांत त्याचेही आहे. इतर दहा जणांना ते न्याय्य वाटले की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.