पोरांच्या हाती वही द्या



नांदुरा भागात गावोगाव फिरताना आईबाप मला हमखास म्हणतात, "साहेब, ह्या पोराले दोन शब्द सांगा. आमचं आयकत नाई." पोरगा बारावी होऊन घरी असतो, पोलीसभरतीसाठी पहाटे धावतो आणि दिवसभर पानठेल्यावर बसतो. शब्द त्याने पोटभर ऐकलेले असतात. त्याच्या भरवशावर एखादे काम मात्र कुणी टाकलेले नसते.

ही रीत आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. गुरुदेव सेवा मंडळांनी तरुणांना प्रार्थनेला बसवले, तसा ग्रामसफाईसाठी हाती झाडूही दिला.

मी उन्हाळ्यातल्या रविवारी, सरकारी कामाबाहेर, पोरापोरींकडून एक काम करून घेतो. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणे. सोयाबीनचे टरफल नाजूक. मळणीत, पोत्यांच्या आदळआपटीत दाणा आतून दुखावतो आणि वरून चांगला दिसतो. म्हणून पोत्याच्या वेगवेगळ्या भागांतून दाणे काढायचे, न निवडता शंभर मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी सावलीत ठेवायची. पाणी शिंपडत राहायचे. सहा-सात दिवसांनी उघडून निकोप कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पुरे. साठ ते सत्तरमध्ये असले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवायचे. साठच्या खाली गेले तर ते पेरू नये. दुबार पेरणी घराला कशी बसवते, हे तुम्हाला मी काय सांगावे!

एका गावी वही दहावी नापास झालेल्या पोराकडे होती. तिथल्या एका मातब्बर काकांचे शंभरातले ५४ दाणे उगवले. काका भडकले, "कालचं पोट्टं मले बियानं शिकवते काय?" पोरगा माझ्याकडे पाहू लागला. मी मुद्दामच गप्प बसलो. शेवटी तोच म्हणाला, "काका, तुमच्या हातानं शंभर दाने मोजा. पुन्हा लावू." दुसऱ्या खेपेला ५२ निघाले. काकांनी काही न बोलता बियाणे बदलले. पुढच्या आठवड्यात लोक आपापले नमुने घेऊन थेट त्या पोराच्या घरी गेले. मला कुणी विचारलेसुद्धा नाही, आणि मला ते फार आवडले.

हे करायला कृषी पदवी लागत नाही. गावातला निवृत्त फौजी भरतीच्या पोरांची धाव सुधारू शकतो, बँकेतून निवृत्त झालेला माणूस कर्जाचा कागद वाचायला शिकवू शकतो. बियाणे राखणारी आजी तर कित्येकदा माझ्यापेक्षा जास्त जाणते. आठवड्याचा एक तास ठरवा आणि तो चुकवू नका. तुम्ही दोनदा आला नाहीत की पोरे तिसऱ्यांदा येत नाहीत. पोरींना नुसत्या दाणे निवडायला बसवू नका, मोजणी आणि हिशेबही त्यांच्याकडे द्या.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. शिकवण्याच्या नावाखाली पोरांना फवारणीच्या पंपाजवळ नेऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

पेरणीआधी पंधरा-वीस दिवस हाती ठेवून शाळेच्या ओट्यावर जमा. वहीत चार रकाने आखा: तारीख, घर, पोते, उगवलेले दाणे. गोणपाट घरोघरी सापडेलच.