रेडिओची पाठ

अब्बांचा रेडिओ दुरुस्त झाल्याचा निरोप आला, म्हणून पैसे घेऊन दुकानात गेले. सेट टेबलावर चालू होता. डायल उजळला होता, आवाज स्वच्छ येत होता. मी पिशवी उघडली तसे रेडिओवाले चाचा म्हणाले, "आज न्यायचा नाही बेटा. याला पाठ नाही. पाठ नसलेला सेट मी कुणाच्या घरी देत नाही."

मी गप्प झाले. ती पाठ कुठे गेली हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

बी.एड.च्या वर्षी सराव पाठासाठी शैक्षणिक साहित्य तयार करायचं होतं. जोडाक्षरांच्या चिठ्ठ्या दोऱ्याने अडकवता येतील असा भोकांचा फळा मला हवा होता. कपाटावर व्हॉल्व्हचा बंद पडलेला रेडिओ होता आणि त्याच्या मागे भोकाभोकांचं तपकिरी हार्डबोर्ड. मी स्क्रू काढले. आतल्या बाजूला अब्बांनी पेन्सिलने उर्दूत स्टेशनं लिहून ठेवली होती. सिलोन, उर्दू सर्व्हिस, प्रत्येकापुढे मीटरचा आकडा. त्यावरच खळ लावून मी घोटीव कागद चिकटवला आणि सुईने भोकं मोकळी केली. अब्बांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "काम हो गया तो उसकी पीठ उसको लौटा देना." पाठ छान झाला. फळा कॉलेजातच राहिला. अब्बांनी पुन्हा कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

"पाठ नसली तर काय बिघडतं? भिंतीकडेच तर असते," मी चाचांना म्हटलं.

त्यांनी टेस्टर घेतला आणि आतल्या लोखंडी चॅसीला लावला. टेस्टर पेटला. मग दोन पिनांचा प्लग काढून उलटा लावला. आता पेटला नाही. "या सेटला ट्रान्सफॉर्मर नाही. एसीवर चालतो, डीसीवरही चालतो. विजेची एक तार थेट चॅसीला जोडलेली असते. प्लग कसा लागला यावर सगळं अवलंबून. घरात लहान कुणी आहे?"

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. दिवा दिसला की आत काय आहे ते बघायला हात घालणारा.

त्या दिवसापासून मी पाठ शोधायला लागले. एका लग्नासाठी मुंबईला गेले तेव्हा चोर बाजारात मटन स्ट्रीटवर फिरले. मर्फी, फिलिप्स, बुश एकावर एक रचलेले होते. सुटी पाठ एकच मिळाली, तीही दोन बोटं आखूड. एरियलची भोकं भलत्याच जागी. दुकानदार म्हणाला, पाठ हवी तर पूर्ण सेट घ्या. म्हणजे एकाची पाठ झाकायला दुसऱ्याची उघडी करायची. ते मन होईना.

शेवटी करायचंच ठरलं. आमच्या सुताराने सुचवलं, जाळीचा अॅल्युमिनियमचा पत्रा लावा. चाचांनी डोक्याला हात लावला. पत्रा चॅसीला टेकला की तोच करंट देणार! अॅक्रिलिक तापलं की वाकतं. म्हणून पुन्हा हार्डबोर्डच, ३ मिलिमीटरचं.

कॅबिनेटच्या मागे वर्तमानपत्र दाबून धरलं आणि बोटाने कडा उमटवल्या. त्यावरून आधी पुठ्ठा कापून बसवून बघितला. एरियल, अर्थ आणि वायरीच्या जागा त्यावरच ठरवल्या. मग हार्डबोर्ड. भोकं शोभेची नसतात, हे तेव्हा कळलं. व्हॉल्व्ह तापतात, गरम हवा वर जाते. वरच्या ओळीतून ती बाहेर पडते आणि खालच्या ओळीतून थंड हवा आत येते. म्हणून खाली आणि वर, दोन्हीकडे ओळी हव्यात. भोकं बोट आत जाणार नाही इतकी लहान हवीत. पेन्सिलने चौकटी आखल्या. खाली फळी ठेवून ६ मिलिमीटरच्या ड्रिलने पाडत गेले. फळी नसली की मागची बाजू फाटते. पहिला तुकडा असाच वाया गेला. दोन रविवार गेले. शंभरावर भोकं. प्रत्येक भोकाला मला तो घोटीव कागद आठवत होता.

आतल्या बाजूला अब्बांची स्टेशनं पुन्हा लिहावीत असं वाटलं. पेन्सिल घेऊन बसले. सिलोन लिहिलं आणि पुढचा आकडाच आठवेना. ज्या अक्षरांवर मी स्वतः खळ फासली, ती आता कुणाकडून विचारून घेणार? सिलोन खोडलं.

पाठ घेऊन दुकानात गेले. चाचांनी उजेडात धरून पाहिली, बसवली, हाताने दाबून हलते का ते बघितलं. म्हणाले, "बाहेरून सूचना लिही. पिन काढल्याबरोबरही उघडायचं नाही. कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते."

घरी आल्यावर लिहिली. वर मराठीत, खाली उर्दूत: पिन काढल्याशिवाय उघडू नये. पिन काढली तरी आत हात घालू नये. मुलाला दोन्ही वाचायला लावलं. उर्दूत तो 'हाथ'वर अडखळला, म्हणून पुन्हा वाचून घेतलं.

मग रेडिओ कपाटावर ठेवला, पाठ भिंतीकडे करून. हवेसाठी मध्ये चार बोटं जागा सोडली.